तीन वेळा 'कळवतो' ऐकल्यानंतरचा चौथा इंटरव्ह्यू : एका विशेष शिक्षिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्या मुलीचं हे प्रकरण आहे तिला मी इथे नुसतं 'ती'च म्हणणारे. नाव, शाळा, मुलांबद्दलचे ओळख पटेल असे तपशील काढलेत नाहीतर बदललेत, आणि ते का, हा मुद्दा पुढे येईलच कारण तिचा एक इंटरव्ह्यू नेमका तिथेच घसरला होता. तिला विचारूनच लिहितेय. तिची अट एकच, 'ताई, मला फार हुशार दाखवू नका.'

तर ती विशेष शिक्षिका. ट्रेनिंग रीतसर पूर्ण, सरावपाठ झालेले, नंतर चार वर्षं एका छोट्या सेंटरमध्ये काम. वर्गात सहा-सात मुलं, बहुतेकांना ऑटिझम, दोघांना बौद्धिक अक्षमता, एक मुलगी सेरेब्रल पाल्सी असलेली. काम चांगलं करायची, हे ऐकीव नाही, मी तिला मुलांसोबत बघितलंय. मग घरात आजारपण आलं, दीड वर्ष ती घरीच होती, आणि परत नोकरी शोधायला लागली तेव्हा तिने मोठ्या शाळांमध्ये अर्ज केले, जिथे नेहमीच्या वर्गांसोबत रिसोर्स रूम असते, म्हणजे त्या वर्गांतली मुलं ठरावीक तासाला जास्तीच्या मदतीसाठी येतात ती खोली. तीन ठिकाणी बोलावलं. तिन्हीकडे 'कळवतो' म्हणाले आणि कोणी काही कळवलं नाही.

तिसऱ्यानंतर मला फोन आला. मी या कामात बरीच वर्षं काढलीत, इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय, त्यामुळे असे फोन येतात. चौथ्या ठिकाणचं बोलावणं हातात होतं आणि मध्ये अडीच आठवडे.

अडचण नेमकी कुठे होती

तिचं म्हणणं, 'माझा कॉन्फिडन्स कमी पडतो.' मला ते पटलं नाही. कॉन्फिडन्सचं लेबल आपण कशालाही लावतो आणि मग खरं काय बिघडलं ते बघायचं राहून जातं. मी तिला म्हटलं, अगं, तिन्ही ठिकाणी काय विचारलं आणि तू काय बोललीस ते आठवेल तसं लिहून काढ, सुधारून नको, जे बोललीस तेच. दोन संध्याकाळी लावून तिने चार पानं लिहिली. ती पानं वाचली आणि माझा अंदाज चुकलाच, मला वाटलं होतं अभ्यास कमी पडला असेल, पण अभ्यास भरपूर होता, तोच आडवा येत होता.

पहिल्या ठिकाणचा प्रश्न, समावेशक शिक्षण म्हणजे तुमच्या मते काय? हिचं उत्तर सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घ्या म्हणणाऱ्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यापासून सुरू, ९२ देशांची सरकारं, मग २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार, त्यातलं कलम २४. सगळं बरोबर. समोरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, सोमवारी दहा वाजता गणिताचा तास आहे, वर्गात पस्तीस मुलं, त्यातल्या एकाला दहाच्या पुढे मोजता येत नाही, तुम्ही तिथे काय करता? पानावर यापुढे तिने लिहिलं होतं, 'मी म्हटलं त्याला त्याच्या पातळीनुसार काम देईन.' बस. आता चार वर्षांत तिने हे शंभरदा केलंय, बाकीची मुलं शाब्दिक उदाहरणं सोडवताना त्याच उदाहरणातल्या वस्तू पाच-पाचच्या गटात मांडायला देणं, शेजारच्या मुलासोबत जोडी लावणं, पण तोंडातून बाहेर आलं ते पुस्तकातलं एक वाक्य.

दुसऱ्या ठिकाणी पेक्सवर अडकली. पेक्स म्हणजे चित्रं देऊन संवाद साधायची पद्धत, अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये बसवलेली. हिने सीव्हीत 'पेक्स येतं' असं लिहून ठेवलं होतं. पॅनेलवर एक स्पीच थेरपिस्ट होते, त्यांनी सरळ विचारलं पहिल्या टप्प्यात मोठी माणसं किती लागतात. हिला सांगता आलं नाही. दोन लागतात, एक समोर बसतो ज्याला मूल चित्र देणार, दुसरा मुलाच्या मागे बसून गप्पपणे हात पुढे न्यायला मदत करतो, आणि 'काय हवंय?' असं कोणी विचारायचं नाही कारण सुरुवात मुलाकडून व्हायला हवी, सगळी मेख तिथेच आहे. ही सेंटरमध्ये काय करायची तर मुलाला चित्रं दाखवून 'हे हवं की ते?' विचारायची. ते वाईट नाही, उपयोगी आहे, पण ते पेक्स नाही. म्हणजे केलेल्या खऱ्या कामाला भारीतलं नाव दिलं आणि त्या नावाने तिला पकडलं.

तिसऱ्याची गोष्ट जरा अवघड. तिथे तिने एका मुलाची गोष्ट सांगितली आणि छान सांगितली, पण सांगताना मुलाचं खरं नाव, त्याचं निदान, घरची परिस्थिती, आईवडील वेगळे राहतात वगैरे सगळं ओघात बोलून गेली. मुख्याध्यापिकेने पेन खाली ठेवलं. हे हिला तेव्हाच दिसलं होतं, तिने पानावर तसं लिहिलंही होतं, 'मॅडमनी पेन ठेवलं, मला वाटलं गोष्ट आवडली.' मी त्या खुर्चीत असते तर माझ्या डोक्यात एकच आलं असतं, उद्या आमच्या मुलांबद्दल ही दुसऱ्या कुठल्या टेबलावर असंच बोलेल.

दीड वर्षाची गॅप तिन्ही ठिकाणी विचारली आणि तिन्ही ठिकाणी ही पाच मिनिटं स्पष्टीकरण देत बसली.

समोर काय काय पर्याय होते

तिच्या डोक्यात दोन होते. एक, इंटरव्ह्यूचे पन्नास-साठ प्रश्न जमवून उत्तरं पाठ करायची. दुसरा, आधी एखादा नवीन सर्टिफिकेट कोर्स करायचा, वागणुकीच्या समस्यांवरचा वगैरे, आणि मग अर्ज करायचे. तिची बहीण तिसराच सांगत होती, शॅडो टीचर म्हणून लाग कुठेतरी, आत शिरलं की बघू पुढचं.

कोर्सचा विचार आम्ही लवकर सोडला. कोर्स वाईट म्हणून नाही, पण अजून एक सर्टिफिकेट म्हणजे सीव्हीत अजून एक ओळ जिच्यावर पॅनेल प्रश्न विचारणार, आणि आधीच्या ओळींचीच उत्तरं धड येत नव्हती. शॅडो टीचरवर बराच वेळ बोललो. पैशाची घाई असती तर मी तेच सांगितलं असतं. पण त्या कामात आयईपी, म्हणजे एकेका मुलाचा वेगळा शिक्षण आराखडा, लिहायला मिळत नाही, पालकांच्या मीटिंगमध्ये बहुतेक वेळा बसू देत नाहीत, एका मुलामागे दिवसभर आणि ठरवणारं दुसरंच कोणीतरी. तिला सहा महिने थांबणं शक्य होतं, म्हणून तो पर्याय मागे ठेवला, रद्द नाही केला.

राहिलं पाठांतर. याच्यावरून आमचं जरा वाजलं. ती म्हणाली, ताई, प्रश्न तर तेच असतात ना सगळीकडे. खरंय, तेच असतात. चावणारं मूल, चिडलेले पालक, न ऐकणारा वर्गशिक्षक, आयईपीचं उद्दिष्ट कसं लिहाल, समावेशक शिक्षण. पण उत्तर पाठ असलं की उपप्रश्नाला माणूस उघडा पडतो आणि या क्षेत्रात पॅनेलवर बसणारी माणसं उपप्रश्नच विचारतात, सवयच असते त्यांना, मुलाबद्दल कोणी काही सांगितलं की आधी काय झालं, नंतर काय झालं हे विचारायची. शेवटी असं ठरलं की उत्तरं लिहायचीच नाहीत. तिच्या चार वर्षांतल्या तीनच गोष्टी घ्यायच्या, पण मुळापासून, आकड्यांसकट, फसलेल्या भागासकट, आणि कुठलाही प्रश्न आला तरी त्या तिनातल्या एकीपाशी पोचायचं.

काय केलं

पहिला आठवडा फक्त एका मुलावर गेला. सांगण्यासारखा भाग हाच आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आठ वर्षांचा मुलगा, बोलणं अगदी कमी. दिवसातून दोन-तीनदा जमिनीवर आडवा पडायचा, उठवायला गेलं की ओरडणं, लाथा. तिची आधीची गोष्ट अशी होती: 'एक मुलगा खूप टँट्रम करायचा, मी पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट वापरून वागणूक सुधारली.' मी म्हटलं, जुनी वही आहे का? होती, नाव सोडून सगळ्या नोंदी होत्या, तीन रकान्यांच्या, आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय घडलं. दहा दिवसांत २३ वेळा आडवा पडलेला. त्यातले १७ वेळा एका खोलीतून दुसरीकडे जाताना, दारापाशी रांग लावतात तेव्हा.

आता तिने काय केलं होतं तर, रांगेत गलका असतो, हा आवाजाला वैतागतो, असा अंदाज बांधून एक आठवडा त्याला कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन दिले. शून्य फरक. मग वहीतला तिसरा रकाना तिने परत वाचला. प्रत्येक वेळी 'नंतर काय घडलं' मध्ये जवळजवळ तेच लिहिलेलं, मदतनीस मावशींनी उचलून थेट पुढच्या खोलीत नेलं. म्हणजे पडलं की रांगेत थांबायला लागत नाही. त्याला आवाजाचं काही नव्हतंच, किती वेळ थांबायचंय ते कळत नाही हा त्रास होता, आणि आडवं पडणं हा त्यातून सुटायचा रस्ता आपणच त्याला शिकवला होता. मग तिने काय केलं, रांग लागून झाल्यावर त्याला सगळ्यात शेवटी आणून उभं केलं म्हणजे थांबणं आपोआप कमी, हातात वाळूचं घड्याळ, 'आधी रांग, मग झोपाळा' असं दोन चित्रांचं कार्ड, आणि घड्याळाचा वेळ हळूहळू वाढवत नेला. पुढच्या एका दहा दिवसांच्या नोंदीत सहा वेळा. मग मोठी सुट्टी झाली, परत आल्यावर अकरा.

हेडफोनचा आठवडा आणि सुट्टीनंतरचे अकरा, हे दोन्ही तिला गाळायचे होते. निर्णयाची पहिली जागा ही. तिचं म्हणणं, मी चूक केली हे इंटरव्ह्यूत कशाला सांगू. माझं म्हणणं, २३ वरून सहा हे कोणीही सांगतं आणि ते ऐकणाऱ्याला माहीत असतं की मुलं अशी सरळ रेषेत सुधारत नाहीत, पण पहिला अंदाज चुकला हे तुला कशावरून कळलं हे जो सांगतो त्याने खरंच वही लिहिलेली असते. आम्ही दोन दिवस यावर घासाघीस केली. शेवटी तिने ठरवलं की हेडफोन सांगायचे, अकराचं विचारलं तर सांगायचं. ठीक, मधला मार्ग.

दुसरी गोष्ट आयईपीची. तिच्या जुन्या आराखड्यांमधलं एक उद्दिष्ट होतं, 'मुलीचं वाचन सुधारेल.' मी विचारलं, सुधारलं हे कधी म्हणायचं? ती हसली. मग बसून तेच परत लिहिलं: काना-मात्रा नसलेले दोन अक्षरी २० शब्द कार्डवर दाखवले असता त्यातले १६ शब्द मदतीशिवाय वाचेल, सलग तीन सत्रांमध्ये, आत्ता ५ वाचते. यात आत्ताची पातळी आहे, परिस्थिती आहे, मोजमाप आहे. तिने मग आणखी सहा उद्दिष्टं अशी मोडून परत लिहिली, त्यातली दोन मला आवडली नाहीत कारण फक्त मोजायला सोपी म्हणून घेतली होती, मुलीच्या रोजच्या आयुष्यात त्यांचा काही उपयोग दिसत नव्हता. ती काढली.

तिसरी, पालक. यासाठी मी चिडलेला बाप झाले. 'चार वर्षं झाली मॅडम, माझ्या मुलाला अजून नाव लिहिता येत नाही, तुम्ही करता काय?' तिचं पहिलं उत्तर फाइन मोटर, प्री-रायटिंग स्किल्स, डेव्हलपमेंटल रेडिनेस. मी म्हटलं, बाप उठून गेला. चौथ्या खेपेला ती म्हणाली, 'तुम्हाला राग येणं साहजिक आहे. तो आता उभी आणि आडवी रेघ काढतो, गोल अजून बंद होत नाही, गोल जमला की नावातलं पहिलं अक्षर येईल. घरी तो हाताने काय काय करतो ते मला सांगाल का?' आणि गप्प बसली. हे गप्प बसणं मी तिच्याकडून मुद्दाम करून घेतलं. घाबरली की ती शांतता भरून काढायला बोलत सुटते.

बाकीचं पटापट सांगते. सीव्हीतून 'पेक्स' काढून 'चित्रकार्डांच्या मदतीने निवड आणि मागणी' असं लिहिलं. गॅपसाठी दोन वाक्यं ठरवली, घरच्या आजारपणासाठी थांबले होते, ती जबाबदारी आता संपलीय, आणि तिथे थांबायचं, पुढे विचारलं तरच बोलायचं.

पोर्टफोलिओवरून निर्णयाची दुसरी जागा आली. तिच्याकडे मुलांचे खूप गोड फोटो होते, काम करताना, हसताना. तिला ते फाइलमध्ये लावायचे होते. मी विचारलं, या इंटरव्ह्यूत दाखवायला पालकांची परवानगी आहे? सेंटरच्या वापरासाठी होती, हिच्या नोकरीसाठी नव्हती. सगळे काढले. फाइल एकदम पातळ झाली, आठ पानं. एक कोरा नोंदतक्ता, नाव नसलेला आलेख, आधीचं आणि नंतरचं उद्दिष्ट शेजारी शेजारी, तिने बनवलेल्या साहित्याचे फोटो ज्यात फार तर हात दिसतात. तिला फाइल बिचारी वाटत होती.

पॅनेलला विचारायचे तीन प्रश्नही लिहून घेतले. माझ्यासोबत वर्गात मदतनीस असेल का, वर्गशिक्षकांसोबत प्लॅनिंगला वेळ कधी मिळतो, आणि एका शिक्षिकेकडे किती मुलांचे आयईपी असतात.

इंटरव्ह्यूचा दिवस

पॅनेलवर तिघं, मुख्याध्यापक, समन्वयक मॅडम, एक मानसशास्त्रज्ञ. पहिला अर्धा तास अपेक्षेप्रमाणे गेला. चावणाऱ्या मुलाचा प्रश्न आला. तिने आधी एवढंच म्हटलं की आधी दोन्ही मुलांना सुरक्षित करेन, लागलं असेल तर तेवढं बघेन, दोघांच्याही पालकांना त्याच दिवशी कळवेन, आणि मग नोंदी सुरू करेन कारण का चावतो ते कळल्याशिवाय उपाय सांगितला तर तो माझा अंदाज असेल. आणि मग वहीची गोष्ट. मुलाला ती 'एक आठ वर्षांचा मुलगा' म्हणाली. मानसशास्त्रज्ञांनी मध्येच विचारलं, वय अजून नेमकं सांगा, कुठल्या सेंटरमधला, निदान काय होतं? ती म्हणाली, 'एवढंच सांगू शकते सर, बाकी त्याच्या घरच्यांचं आहे.' हा सापळा होता की सहज विचारलं, मला अजून कळलेलं नाही. सुट्टीनंतर काय झालं, हेही त्यांनीच विचारलं, आणि अकराचा आकडा तिने सांगितला, वर हेही की सुट्टीत घरी काय करायचं याचा कागद तिने दिला नव्हता आणि पुढच्या सुट्टीआधी दिला.

मग न सांगता डेमो. पत्रात 'संवाद' एवढंच लिहिलेलं. समन्वयक म्हणाल्या, शेजारच्या खोलीत नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, बोलत नाही, पंधरा मिनिटं त्याच्यासोबत काहीतरी घ्या, तयारीला दहा मिनिटं, साहित्य कपाटात आहे.

निर्णयाची तिसरी जागा, आणि इथे मी तिला काहीच शिकवलेलं नव्हतं. दहा मिनिटांत बहुतेक उमेदवार कपाट उघडतात. तिने सात मिनिटं समन्वयकांना प्रश्न विचारण्यात घालवली. तो हो-नाही कसं सांगतो? काय आवडतं? नको असेल तेव्हा काय करतो? कोणी हात लावलेला चालतो का? उत्तरं मिळाली, नको असेल तर ट्रे ढकलतो, फिरणाऱ्या वस्तू आवडतात, गळ्यातल्या रिंगला चार चित्रकार्डं आहेत त्यात एक 'थांब'चं. उरलेल्या तीन मिनिटांत तिने रंगीत ठोकळे आणि एक भोवरा उचलला.

तीन रंगांचे ठोकळे तीन डब्यांत टाकायचे असा बेत. पहिली दोन मिनिटं वाईट गेली. 'लाल कुठाय? दाखव बरं लाल. लाल दे. लाल?' मुलाला उत्तर द्यायला वेळच नाही. त्याने ट्रे ढकलला, ठोकळे खाली. ती सांगते की त्या क्षणी तिला एकदम आठवलं की मी चार वेळा विचारलं. तिने तोंड मिटलं, त्याच्या रिंगवरचं 'थांब'चं कार्ड त्याच्या हातापाशी धरलं आणि मनात आकडे मोजत बसली. नऊवर त्याने कार्ड तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, 'थांबूया,' आणि ट्रे बाजूला केला, भोवरा फिरवला. एक मिनिट दोघं भोवरा बघत बसले. मग एकच डबा, एकच रंग, एकही शब्द न बोलता तिने एक ठोकळा टाकला आणि दुसरा त्याच्यासमोर ठेवला. त्याने टाकला. असे सहा ठोकळे. अकराव्या मिनिटाला सहावा पडला आणि तिने संपवलं, चार मिनिटं शिल्लक ठेवून.

परत आल्यावर विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, बेत तीन रंगांचा होता, एकच झाला, सुरुवातीला मी फार बोलले, आणि ट्रे ढकलणं हे त्याचं म्हणणं होतं ते मला आधीच सांगितलं होतं तरी माझ्याकडून सुटलं. समन्वयक मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी, तुम्हाला काही विचारायचंय का? मदतनीस आणि प्लॅनिंगचा वेळ, हे दोन तिने विचारले, उत्तरं बरी मिळाली. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. तिसरा प्रश्न तिने गिळला.

निकाल

आठ दिवसांनी फोन आला. निवड झाली, पण ज्या जागेसाठी अर्ज होता त्यासाठी नाही. वेगळ्या छोट्या वर्गाची जागा त्यांनी जास्त अनुभव असलेल्या दुसऱ्या कोणाला दिली आणि हिला रिसोर्स रूमचं विचारलं, म्हणजे नेहमीच्या वर्गातली मुलं तासातासाला येणार. विचार करायला दोन दिवस मागितले. तिला धास्ती होती की तिला तीव्र गरजांच्या मुलांचीच सवय आहे, वाचनाच्या अडचणींचं काम कमी केलंय. आम्ही बोललो आणि तिने हो म्हटलं, पण समन्वयकांना हे स्पष्ट सांगून की पहिले तीन महिने या भागात मला कोणाचं तरी मार्गदर्शन लागेल. त्यांनी मान्य केलं, ते मिळालंही.

नंतर कधीतरी समन्वयक मॅडम तिला म्हणाल्या की फाइल पातळ होती म्हणून त्यांनी ती पूर्ण वाचली. डेमोबद्दल मात्र मतभेद होते, मुख्याध्यापकांना वाटलं होतं की चार मिनिटं वाया घालवली.

काय वेगळं करता आलं असतं

डेमोची शक्यता मी धरायला हवी होती. 'संवाद' म्हणजे नुसत्या गप्पा असं मी गृहीत धरलं आणि मी तिला पाच-सहा वेळा बोलायची तालीम दिली पण एकदाही प्रश्न विचारून गप्प बसायची तालीम मुलासोबत दिली नाही, म्हणजे बापासमोरची शांतता शिकवली आणि मुलासमोरची राहिली. शाळेला आधी एक फोन करून डेमो असणार का विचारलं असतं तर कोणी खाऊन टाकलं नसतं.

दुसरं, त्या खोलीत कोपऱ्यात एक मदतनीस ताई बसल्या होत्या, त्या मुलाला रोज सांभाळणाऱ्या. हिने सातही मिनिटं प्रश्न समन्वयकांना विचारले, त्यांच्याशी एक शब्द नाही, आत गेल्यावर नमस्कारसुद्धा नाही. ट्रे ढकलायच्या आधी तो काय करतो हे सगळ्यात जास्त त्यांना माहीत असणार. हे तिच्या लक्षात मी सांगितल्यावर आलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही, कारण सेंटरमध्ये मावशींनीच मुलाला उचलून नेलं असं ती मगाशी पॅनेलला रंगवून सांगून आली होती.

आमच्या भांडणाबद्दल, म्हणजे अकराचा आकडा सांगायचा की नाही, अजूनही आमचं एकमत नाही. ती म्हणते विचारलं म्हणून बरं झालं, आपणहून सांगितलं असतं तर रडगाणं वाटलं असतं. असेलही.

आणि तो गिळलेला तिसरा प्रश्न. आत्ता तिच्याकडे १९ मुलांचे आयईपी आहेत, प्लॅनिंगचा जो वेळ मिळणार होता तो आहे, पण १९ जणांना पुरत नाही, संध्याकाळी घरी बसून लिहिते. विचारलं असतं तर नोकरी नाकारली असती का? ती म्हणते नसती, पण रुजू व्हायच्या आधी बोलता आलं असतं, आता बोलायचं म्हणजे तक्रार होते. गेले दोन आठवडे ती स्वतःच्या दिवसाची नोंद ठेवतेय, तीच तीन रकान्यांची वही, कुठल्या तासाला काय ठरलं होतं, काय झालं, त्यानंतर काय राहून गेलं. पुढच्या गुरुवारी समन्वयकांसोबत बसणारे. मला परवा फोन करून विचारत होती, ताई, मी आता तो बाप व्हायचं का मॅडमसमोर? मी म्हटलं, बाप नको, वही दाखव आधी.